हेल्मीच्या प्रगतीचा पुरावा

कोलंबोहून अहवाल परत आला, आणि तोही दुसऱ्यांदा. कडेला लाल शाईनं लिहिलं होतं : 'यजमानांनी विद्यार्थिनीची वैयक्तिक प्रगती दाखवलेली नाही. पुरावा जोडावा.'

पियदास गमगेंचा कागद एकतीस वर्षांच्या नोकरीत कधी परत आला नव्हता. केगल्लच्या कचेरीत ते जन्ममृत्यूच्या नोंदी करत. त्यांनी लिहिल्याशिवाय गावात कुणी जन्मलं किंवा मेलं असं सरकार मानत नसे, त्यामुळे लोकांचे कागद परत करायचे कसे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आपला कागद परत आला तर चेहरा कसा ठेवायचा, याची मात्र सवय नव्हती. त्यांनी लिफाफा वर्तमानपत्राखाली सरकवला. पण बायकोपासून लिफाफा लपवणं हा प्रकारही त्यांच्या सवयीतला नव्हता.

"पुन्हा नापास?" नंदनीनं विचारलं.

"नापास नव्हे. त्रुटी काढलीय."

"तेच ते. काय लिहिलं होतंत तुम्ही?"

गमगेंनी खरं ते लिहिलं होतं. पहिल्या अहवालात : 'विद्यार्थिनी आल्या दिवशी जशी होती तशीच आहे. प्रकृती ठीक.' दुसऱ्यात : 'बदल नाही. वजन अडीच किलोंनी वाढले आहे.' एकतीस वर्षांत ज्या माणसाच्या हातून एक खोटी नोंद झाली नाही, त्याच्याकडून दुसरं काय होणार?

अदलाबदल तशी सरळ होती. गमगेंची सतरा वर्षांची दिल्हानी दहा महिन्यांसाठी फिनलंडमधल्या औलू गावी गेली, आणि औलूला ज्या घरी ती उतरली त्या घरची हेल्मी केगल्लला आली. दिल्हानीची खोली, दिल्हानीची खाट, दिल्हानीचा शाळेचा गणवेश, फक्त खाली चार बोटं जोड लावून. घरातून एक मुलगी वजा आणि एक अधिक, तेव्हा घर होतं तसंच राहील असा गमगेंचा हिशेब होता. पण दिल्हानी सकाळी दात घासतानाही बोलायची. हेल्मी आठ महिन्यांत एकूण जेवढं बोलली, तेवढं दिल्हानीचं चहा होईपर्यंत बोलून व्हायचं.

भाषेचं म्हणाल तर तिला भाषा येत होती. वहीत शब्द लिहून लिहून तिनं घरच्यांपेक्षा शुद्ध सिंहली शिकून घेतली होती. पण बोलायला कारण लागतं असं तिच्या गावी मानतात. "जेवलीस?" "हो." "शाळा कशी होती?" "होती." गमगेंना ती पहिल्या दिवशी 'मिस्टर गमगे' म्हणाली आणि आठ महिने मिस्टर गमगेच म्हणत राहिली. आपण होऊन ती एकच काम करी : रिकाम्या खोलीतला पंखा बंद करणं, गळका नळ घट्ट पिळणं, ताटातला शेवटचा दाणा बोटानं टिपणं. एकदोनदा तर खोलीत गमगे बसलेले असताना पंखा बंद झाला. काही टाकलेलं, सांडलेलं, वाया गेलेलं तिला बघवत नसे.

आणि ती खोटं बोलत नसे. शेजारच्या मल्लिका अक्कांनी गेल्या ऑक्टोबरात ताटलीभर कवुम, तेलात तळलेले गोड वडे, पाठवले, आणि कुंपणावरून कौतुकानं विचारलं, "कसे झालेत, पोरी?" गल्लीतल्या कुठल्याही मुलीनं 'वा, अक्का!' म्हटलं असतं आणि ते मांजराला घातले असते. हेल्मी थोडा विचार करून म्हणाली, "तेल फार आहे. पाच खाल्ले. सहावा जात नाही." त्यानंतर मल्लिका अक्कांकडून गमगेंच्या घरी ताटली आली नाही, आणि अक्कांच्या तोंडून नंदनीला समोरासमोर 'बरं आहे ना?' या तीन शब्दांपलीकडे काही ऐकायला मिळालं नाही.

तर लिफाफ्यात दुसराही एक कागद होता. संस्थेच्या मिस द सिल्वा चौदा एप्रिलला, ऐन नव्या वर्षाच्या दिवशी, स्वतः पाहणीला येणार होत्या. मुलगी इथल्या चालीरीतींत मिसळली आहे असं दिसलं नाही तर तिचा इथला मुक्काम संपेल. आणि नियम बारावा : अदलाबदल जोडीनं असते, म्हणून एक परतली की दुसरीही परतेल.

गमगेंनी तो नियम तीनदा वाचला. दिल्हानी औलूच्या शाळेत गाणाऱ्यांच्या चमूत होती, आणि मे महिन्यात तिला एकटीला गायला मिळणार होतं. घरी पाहुण्यांसमोर 'एक गाणं म्हण ग' म्हटलं की न्हाणीघरात जाऊन कडी लावणारी पोरगी फोनवर बापाला सांगत होती, "थात्ता, तीनशे माणसं असणार! आणि मी बर्फाच्या भाषेत गाणार!" तिला आठ आठवडे आधी उचलून आणायची, आणि का, तर बापाला चार ओळींचा अहवाल लिहिता आला नाही.

"येईना का लवकर," नंदनी लसूण सोलता सोलता म्हणाली. मग बोटं थांबली. "नको. गाऊ दे तिला." आणि लसणाचं निमित्त करून तिनं डोळे पुसले.

गल्लीत गुपित नावाची वस्तू संध्याकाळपर्यंतच टिकते. सहाच्या आत समोरचे निवृत्त हेडमास्तर गुणतिलक व्हरांड्यात येऊन बसले. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांची प्रगती केली होती आणि निवृत्तीनंतर हात शिवशिवत होते.

"गमगे, प्रगती म्हणजे वक्तृत्व! बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. पोरीला माझ्या हवाली करा."

विहारातल्या रविवारच्या शाळेत मास्तरांनी तिचं भाषण ठेवलं. विषय, 'माझा आवडता देश'. उत्तर सगळ्यांना माहीतच होतं. हेल्मी मंचावर गेली, माईक तोंडाच्या उंचीला आणला, म्हणाली, "माझा आवडता देश फिनलंड आहे. धन्यवाद," आणि खाली उतरली. नऊ सेकंद लागले. मास्तरांनी एकट्यानं दोन मिनिटं टाळ्या वाजवल्या.

मग कुंपणापलीकडून, अबोला असूनही, मल्लिका अक्कांचा सल्ला आला. अबोल्यानं सल्ला कधी अडत नाही. "दृष्ट आहे ती. जिभेवर बसलीय. लिंबं काप म्हणावं." लिंबं कापणारा माणूस आला, हेल्मीला पाटावर बसवून, मंत्र म्हणत, डोक्यावर एकेक लिंबू धरून त्यानं अडकित्त्यानं सात लिंबं कापली आणि पाण्यात टाकली. हेल्मी सगळं शांतपणे बघत होती. सातवं लिंबू पडल्यावर तिनं आठ महिन्यांतला पहिला प्रश्न विचारला.

"याचं सरबत करणार का?"

दृष्ट तिथेच राहिली. उलट लिंबंवाल्याला लागली असं नंदनीचं मत पडलं, कारण तो जाताना अडकित्ता विसरून गेला.

शेवटी मास्तरांनीच रामबाण काढला. "नव्या वर्षाची चूल तिला पेटवू द्या! मुहूर्तावर, मिस द सिल्वांच्या डोळ्यांदेखत. याहून मोठा पुरावा कुठला?"

नव्या वर्षाची चूल म्हणजे घरच्या बाईचा मान. नंदनीनं एक दिवस तोंड पाडलं. पण काडी ओढायला दरवर्षी दिल्हानीच शेजारी बसायची, तिची जागा रिकामी होती, म्हणून ती तयार झाली. मग अख्खी गल्ली हेल्मीला शिकवायला लोटली. पंचांगानं यंदा निळे-पांढरे कपडे सांगितलेत. तोंड पूर्वेला. वेळ नऊ अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस नाही आणि एकोणपन्नास नाही. काडी उजव्या हातानं. नारळाचं दूध नव्या मडक्यात, काठाच्या दोन बोटं खाली. हेल्मीनं सगळं वहीत उतरवून घेतलं, आकडे घालून.

एकच गोष्ट तिला कुणी सांगितली नाही, कारण ती कुणी कुणाला सांगतच नाही. अंथरुणात पाऊल टाकताना चप्पल काढायची, हे पाहुण्याला कोण सांगत बसतं?

चौदा तारीख उजाडली. मिस द सिल्वा चर्चला जाणाऱ्या. त्यांना मुहूर्ताची अडचण नव्हती, म्हणून त्या साडेसातलाच दारात हजर झाल्या. जुनं वर्ष संपलेलं, नवं लागायचंय, अशा मधल्या वेळात इथे कुणी कसलंही काम करत नाही. चूल थंड, दुकान बंद, पोटही बंद. कोलंबोहून तीन तास प्रवास करून आलेल्या बाईंना गमगे पाण्यावर बसवून होते.

"चहा...?" मिस द सिल्वांनी सहज म्हटलं.

"नऊ अठ्ठेचाळीसनंतर, मिस," गमगे म्हणाले, आणि शरमेनं त्यांची मान खाली गेली. त्यांच्या घरातून आजवर पोस्टमनसुद्धा चहाशिवाय गेला नव्हता.

"बरं, तोवर ही सही करून ठेवा. पाहणी सुरू झाल्याची."

"सहीही नंतर, मिस."

"मिस्टर गमगे, सहीशिवाय मला पाहणी सुरू करता येत नाही."

"आणि मला मुहूर्ताशिवाय सही."

एक कचेरी दुसऱ्या कचेरीसमोर बसली होती. दोघंही नियमाला पक्के. दोन तास अठरा मिनिटं दोघांनी कोकिळेचं ओरडणं ऐकलं, आणि मिस द सिल्वांच्या पोटातला आवाज गमगेंनी ऐकला नाही असं दाखवलं. सही नसल्यानं फॉर्म कोरा होता, पण पेन मात्र बाईंच्या हातातून सुटलं नव्हतं. हेल्मी तेवढी मजेत होती. दोन तास कुणी कुणाशी बोलत नाही, असा सण तिला आल्यापासून पहिल्यांदाच भेटला होता.

अंगणात तीन विटांची चूल मांडलेली. हेल्मी निळी-पांढरी, पूर्वेला तोंड करून, काडी हातात. समोरच्या व्हरांड्यातून मास्तर रेडिओला कान लावून घड्याळ धरून ओरडले, "पेटव!" गल्लीभर फटाके फुटले. काडी एका झटक्यात पेटली. जाळ सरळ उभा राहिला. नंदनीनं हात जोडले. मिस द सिल्वांनी पेनाचं टोपण काढलं. गमगेंना वाटलं, झालं. गाणार आता दिल्हानी.

दूध तापलं. कडेला बुडबुडे आले. साय थरथरली, फुगली, वर आली. गमगे, नंदनी, अख्खं घर श्वास रोखून पुढे झुकलं. काठापर्यंत आलं, काठाच्या वर घुमटासारखं उभं राहिलं...

आणि हेल्मीनं झेप घेतली. परकराचा घोळ हाताला गुंडाळून तिनं मडकं उचललं, बाजूला ठेवलं, आणि शेजारची पाण्याची बादली चुलीवर ओतली. फस्स झालं. धुराचा एक लोट उठला.

"वाचवलं!" ती म्हणाली. बोटं भाजली होती, पण एक थेंब सांडला नव्हता, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा ती दात दाखवून हसत होती.

नंदनीच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती फटाक्यांच्या वर गेली. नव्या वर्षाचं दूध उतू जायचंच असतं. उतू गेलं की वर्षभर घर भरून वाहतं. ते अडवणं हाच घात, आणि इथे तर मुहूर्ताचा विस्तवही विझला होता. ज्या मिनिटाची सगळा देश वाट बघत होता ते मिनिट निघून गेलं होतं, आणि नवं मिनिट पंचांगात नव्हतं.

हेल्मीनं नंदनीकडे बघितलं, मग गमगेंकडे. तिचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. "मी काय केलं?" असं तिनं विचारलंही नाही. भाजलेली बोटं तिनं पाठीमागे लपवली. शाळेच्या पहिल्या दिवशी चुकीच्या वर्गात बसलेल्या दिल्हानीचं तोंड असंच झालं होतं, आणि गमगेंना ते बघवेना.

एवढ्यात किंकाळीच्या मागावर फाटक वाजलं. हातात ताटली घेऊन मल्लिका अक्का, आणि मागे घड्याळ घेऊन मास्तर.

"काय झालं ग, नंदनी? उतू गेलं ना?" अक्कांची नजर चुलीवर गेली. ओली राख, ओल्या विटा, वर वाफ. "की नाही गेलं?"

गमगेंना पुढचं सगळं दिसलं. संध्याकाळपर्यंत गल्ली म्हणेल, परदेशी पोरीनं गमगेंच्या घराचं वर्ष बुडवलं. उद्या गाव म्हणेल. पोरगी मुकाट्यानं बॅग भरेल. एकतीस वर्षं हजारो माणसांच्या जन्माची वेळ मिनिटासकट खरी लिहिणारा माणूस उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला,

"गेलं. इतकं उतू गेलं, की चूल विझली!"

"अग बाई!" अक्का म्हणाल्या.

"चूल विझेपर्यंत?" मास्तरांचे डोळे विस्फारले. "साठ वर्षांत ऐकलं नाही, गमगे! कुठल्या बाजूनं गेलं?"

"पूर्वेला," गमगे म्हणाले. पहिलं खोटं जड जातं, पण दुसरं आपल्या पायांनी येतं. "भरभरून."

अक्का मात्र कच्च्या गुरूच्या चेली नव्हत्या. त्या वाकल्या, मडक्यात डोकावल्या, आणि सावकाश उठल्या. "मग मडकं काठोकाठ कसं?"

अंगणात कोकिळाही थांबली. गमगेंची विद्या संपली होती. मिस द सिल्वांचं पेन हवेत अडकून राहिलं.

"थात्ता खरं सांगताहेत," हेल्मी म्हणाली.

सगळे वळले. ती लालबुंद झाली होती, पण एकेक शब्द वहीतल्यासारखा शुद्ध येत होता. "उतू गेलं. सगळं. मग मी दुसरं दूध घातलं. दूधभाताला कमी पडू नये म्हणून." तिनं एक श्वास घेतला, अक्कांच्या हातातल्या ताटलीतून एक कवुम उचलला, चावला, गिळला, आणि म्हणाली, "आणि अक्का, कवुम फार छान झालेत. तेल अगदी बेताचं."

मल्लिका अक्कांचा चेहरा सहा महिन्यांनी उजळला. "बघ नंदनी, मी म्हणत नव्हते? पोरगी गुणाची आहे हो! लिंबंच लागू पडली." मास्तर चूल विझल्याची बातमी घेऊन गल्लीत पळाले. अर्ध्या तासात चार घरांतल्या बायका ओली राख बघून गेल्या, आणि दोघींनी चिमूट चिमूट घरी नेली.

नंदनी हेल्मीचा हात धरून न्हाणीघरात घेऊन गेली, बोटांना कोरफड लावली, आणि तिची वेणी सोडून पुन्हा घातली.

अकरा वाजून सहा मिनिटांनी, देण्याघेण्याच्या मुहूर्तावर, आतल्या शेगडीवर शिजवलेला दूधभात खाऊन तृप्त झालेल्या मिस द सिल्वांनी फॉर्म पुढे केला. सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं होतं.

"मिस्टर गमगे, हा रकाना तुम्ही भरायचाय. वैयक्तिक प्रगती."

गमगेंनी फॉर्म मांडीवर सरळ केला. मग त्यांनी आपल्या गोल अक्षरात लिहिलं : 'विद्यार्थिनी आज आमच्या घरासाठी खोटे बोलली. एकूण दोनदा. दोन्ही वेळा सफाईने.'

मिस द सिल्वांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. 'पुरावा' या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहिले,' आणि खाली दणकून शिक्का मारला. वरती नंदनीनं बांधून दिलेले चार कवुमही घेतले, मल्लिका अक्कांचे.

मुक्काम टिकला, पण गमगेंना घास गोड लागेना. लग्नापासून सत्तावीस वर्षं ते एका वहीत नव्या वर्षाचं दूध नोंदवत आले होते : वेळ, स्थळ, दिशा. वही मांडीवर उघडी होती. मल्लिका अक्कांना सांगणं वेगळं, आणि वहीत लिहिणं वेगळं. यंदाची ओळ कोरी सोडावी असं ठरवून ते वही मिटणार, तेवढ्यात फोन वाजला.

"थात्ता! नवं वर्ष!" दिल्हानी नेहमीप्रमाणे मधूनच सुरू झाली. "ऐका, मी इथे केलं! तुमच्या नऊ अठ्ठेचाळीसला. इथे सकाळचे सात अठरा होते, सगळे शाळेच्या गडबडीत. नारळाचं नाही मिळालं, गायीचं घेतलं. दूध वर आलं तशी हेल्मीची आई धावत आली बंद करायला. मी तिचे दोन्ही हात धरून ठेवले, थात्ता! जाऊच दिलं नाही शेगडीपाशी!"

गमगे खुर्चीत सरळ झाले. "उतू गेलं?"

"एक लीटर! शेगडीवरून जमिनीपर्यंत!"

"दिशा कुठली?"

"चारी, थात्ता."

"त्या काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. फडकं आणलं. मग दोघींनी मिळून पुसलं. पुसताना मी गात होते आणि ती हसली. थात्ता, ती हसली! आठ महिन्यांत पहिल्यांदा!"

नंदनीनं फोन ओढून घेतला आणि पलीकडच्या खोलीत जाऊन पोटभर रडली. गमगेंनी वही जवळ घेतली. वेळ, नऊ अठ्ठेचाळीस. दिशा, चारी. म्हणजे मल्लिका अक्कांना सांगितलं त्यात खोटं असं काही नव्हतंच. दूध उतू गेलं होतं, गमगेंच्याच मुलीच्या हातून, नेमक्या मिनिटाला. पूर्व तर चारींत आलीच. फक्त स्थळाची दुरुस्ती हवी होती, आणि तसल्या दुरुस्त्या कचेरीत रोज होतात. 'केगल्ल' लिहिण्याच्या जागी त्यांनी सावकाश लिहिलं, 'औलू', आणि खाली बारीक सही केली.

हेल्मी खांद्यामागून वाचत होती. कोरफडीची बोटं तिनं त्या ओळीवर ठेवली.

"थात्ता," ती हळूच म्हणाली, "पूर्ण एक लीटर?"

"पूर्ण."

तिचा चेहरा पडला. ती आतल्या खोलीत गेली, आणि जाता जाता गमगेंच्या डोक्यावरचा पंखा बंद करून गेली.